तुटायची मुभा असलेली रेल: हॅम रेडिओ, थ्रीडी प्रिंटिंग आणि दुरुस्तीचा हक्क

नवा मोबाइल घेतला की आपण पहिलं काय करतो? सिम टाकायच्याही आधी कव्हर आणि स्क्रीनगार्ड लावून घेतो. गावातल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत काम होतं. एकेका मॉडेलचे लाखो फोन विकले जातात, त्यामुळे कव्हर बनवणाऱ्याला धंदा परवडतो. आता असं एक उपकरण डोळ्यांसमोर आणा, जे फोनच्या पाच-सहा पट जड आहे, ज्याच्या तोंडावर नाजूक बटणं बाहेर आलेली आहेत, जे पाठीवर टाकून डोंगर चढायचा असतो, आणि ज्याचं कव्हर दुकानात मिळत नाही. हॅम रेडिओचा फिरता संच म्हणजे हेच.

जगभरच्या हॅम मंडळींनी यावर घरच्या घरी तोडगा काढलाय. संचाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या संरक्षक पट्ट्या, म्हणजे 'रेल', आणि उचलायला हँडल, हे सगळं ते थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतात. वरवर पाहता हा हौशी लोकांचा उद्योग वाटेल. पण दोन घडामोडींमुळे त्याकडे नीट बघायला हवं. पहिली, याएसू या जपानी कंपनीनं २०२२ च्या शेवटी एफटी-८१८ हा लोकप्रिय छोटा संच बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. दुसरी, युरोपियन युनियनच्या दुरुस्तीच्या हक्काच्या नव्या कायद्यात थ्रीडी प्रिंटिंगनं बनवलेल्या सुट्या भागांचा थेट उल्लेख आलाय, आणि तो लागू होण्याची तारीख आहे ३१ जुलै २०२६. या दोन गोष्टींचा एका प्लॅस्टिकच्या पट्टीशी काय संबंध, ते बघू.

आधी थोडक्यात: हॅम रेडिओ म्हणजे काय?

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन, धंद्यासाठी नव्हे तर हौस, शिक्षण आणि गरजेच्या वेळी मदत म्हणून चालवलेला बिनतारी संदेशवहनाचा छंद. भारतात त्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाकडून परवाना घ्यावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, आणि वयाची बारा वर्षं पूर्ण असली की ती देता येते. यात टॉवर, सिम, इंटरनेट काहीच लागत नाही. तुमचा संच, तुमची बॅटरी, तुमची अँटेना.

म्हणूनच मोबाइलचं नेटवर्क कोसळतं तेव्हा ही मंडळी उपयोगी पडतात. १९९३ चा लातूर-किल्लारीचा भूकंप, २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी, या तिन्ही वेळा हॅम चालकांनी संदेश पोहोचवण्याचं काम केलं. त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह हॅम रेडिओच्याच मोहिमेसाठी अंदमानात होत्या. पोर्ट ब्लेअरहून त्यांच्या संचावरून बाहेरच्या जगाशी संपर्क सुरू राहिला.

आणीबाणी नसतानाही संच घेऊन बाहेर पडण्याचा प्रकार गेल्या वीसेक वर्षांत वाढलाय. मार्च २००२ मध्ये ब्रिटनमध्ये 'समिट्स ऑन द एअर' सुरू झालं. डोंगरमाथ्यावर चढायचं, तिथून संपर्क साधायचे आणि गुण मिळवायचे. उद्यानांमधून प्रसारण करणारा 'पार्क्स ऑन द एअर' हा त्याचाच धाकटा भाऊ. घरातल्या टेबलावर आयुष्य काढणारा संच यामुळे पाठपिशवीत आला. आणि पाठपिशवीत आलेली वस्तू आज ना उद्या पडतेच.

पडल्यावर नेमकं काय तुटतं?

फोन पडला की काच फुटते. रेडिओ तोंडावर पडला की पहिला मार बसतो मोठ्या फिरत्या बटणाला. हे बटण पुढे आलेलं असतं. त्याची दांडी आत एका छोट्या भागावर बसवलेली असते आणि तो भाग सर्किट बोर्डला सोल्डर केलेला असतो. बाहेरून बटण शाबूत दिसतं, पण आतला सांधा गेलेला असतो. स्क्रीन, बटणं आणि माइकचं सॉकेट हेही त्याच बाजूला.

इथे एक सोपं गणित उपयोगी पडतं. वस्तू जितक्या उंचीवरून पडते त्या उंचीला, ती थांबायला जितकं अंतर मिळतं त्यानं भागा. वजनाच्या साधारण तितक्या पट मार बसतो. सव्वा किलोच्या आतबाहेरचा, धरा १.२ किलोचा संच एक मीटरवरून फरशीवर पडला आणि १ मिलिमीटरमध्ये थांबला, तर मार वजनाच्या हजार पट, म्हणजे १,२०० किलो भाराएवढा. तोच संच ५ मिलिमीटर दबत दबत थांबला, तर दोनशे पट, म्हणजे २४० किलो. उंची तीच, वजन तेच, फक्त चार मिलिमीटर जास्त मिळाले.

तुमच्या फोनच्या कव्हरची कड स्क्रीनपेक्षा किंचित वर उचललेली असते, ती याचसाठी. फोन पालथा पडला तर आधी कड टेकावी, काच नव्हे. रेलचं कामही हेच. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या बटणांच्या पुढे काही मिलिमीटर निघालेल्या असतात. संच तोंडावर पडला तर जमिनीला आधी पट्ट्यांचे 'कान' लागतात, बटण नाही. मागच्या बाजूला अँटेनाचं आणि वीजपुरवठ्याचं सॉकेट असतं, म्हणून चांगली रेल मागेही तशीच पुढे आलेली असते.

पातळ पट्टी, अवघड डिझाइन

थ्रीडी प्रिंटर वितळलेल्या प्लॅस्टिकचे थर एकावर एक चढवतो. साधारण ०.२ मिलिमीटरचा एक थर. भाकऱ्यांची चवड आठवा. एकेक भाकरी ताणून फाडायला जोर लागतो, पण चवडीतून वरची भाकरी उचलायला काहीच लागत नाही. छापलेल्या वस्तूचंही तसंच. थराच्या दिशेनं ती मजबूत, थरांच्या मध्ये कमकुवत.

हँडल उलट्या 'यू'च्या आकाराचं असतं. ते प्रिंटरवर उभं करून छापलं, तर दोन्ही पायांमध्ये थर आडवे पडतात, आणि संच उचलला की भार थेट थर एकमेकांपासून ओढतो. असं हँडल एक दिवस कुठलीही सूचना न देता 'टक्' करून तुटतं. तेच हँडल आडवं झोपवून छापलं की प्लॅस्टिकचे धागे पूर्ण 'यू'मधून सलग जातात. तीच फाइल, तेच प्लॅस्टिक, आणि मजबुतीत मोठा फरक. म्हणून फाइलसोबत 'कशी छापायची' हे लिहिलेलं नसेल, तर ती फाइल अर्धवट समजा.

दुसरी गोष्ट कोपऱ्यांची. आतला काटकोन टोकदार ठेवला की सगळा ताण तिथेच साचतो आणि चीर तिथूनच जाते. तो कोपरा गोलसर केला की ताण पसरतो. कान जिथे पट्टीला जोडलेला असतो ती जागा जाड आणि गोलाईची हवी. आतली जाळी दाट करण्यापेक्षा बाहेरच्या भिंती वाढवल्या तर वाकण्याला जास्त विरोध होतो. दोन भिंतींऐवजी पाच-सहा भिंती ठेवा, असा सल्ला अनुभवी लोक देतात तो यामुळेच.

मग प्लॅस्टिक कोणतं? प्रिंटरसोबत बहुतेकांकडे पीएलए असतं. छापायला सोपं, पण ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे उन्हात लावलेल्या बंद गाडीचा डॅशबोर्ड याच्या सहज वर जातो. शिवाय पीएलए सततच्या भाराखाली हळूहळू वाकत राहतं. पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतं आणि तुटण्याआधी थोडं वाकतं. एएसए १०० अंशांच्या आसपास टिकतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांनाही दाद देत नाही, पण छापताना त्याचा वास येतो, म्हणून हवा खेळती लागते. टीपीयू हे रबरासारखं. त्याची पूर्ण रेल लिबलिबीत होईल, पण कानांवर टीपीयूच्या टोप्या बसवल्या तर ते दबण्यासाठी लागणारे चार-पाच मिलिमीटर तिथेच मिळतात.

कार्बन फायबर मिसळलेलं प्लॅस्टिक दिसायला भारी असतं, पण कार्बन वीज वाहून नेतो. आयकॉमच्या आयसी-७०५ सारख्या संचात जीपीएस, ब्लूटूथ आणि वायफायच्या अँटेना आतच असतात. त्यांच्या आजूबाजूला असलं प्लॅस्टिक न लावणं शहाणपणाचं. साध्या प्लॅस्टिकमधून या लहरी आरामात जातात.

स्क्रू लहान, नुकसान मोठं

छोट्या संचांच्या बाजूला किंवा खाली ब्रॅकेट आणि पट्टा अडकवायला स्क्रूची छिद्रं असतात. रेल बहुतेक वेळा तिथेच बसते. इथे दोन चुका नेहमी होतात.

पहिली लांबीची. मूळ स्क्रू ६ मिलिमीटरचा असेल आणि रेल ४ मिलिमीटर जाडीची असेल, तर नवा स्क्रू १० मिलिमीटरचा लागेल. घरात १६ चा पडलाय म्हणून तोच पिळला, तर तो आत सर्किट बोर्डला जाऊन भिडू शकतो. संरक्षणासाठी लावलेल्या पट्टीनंच संच मारला, अशी गत.

दुसरी चूक आवळण्याची. प्लॅस्टिक स्क्रूच्या डोक्याखाली हळूहळू दबतं आणि स्क्रू सैल होतो. म्हणून रुंद वॉशर किंवा पितळेची छोटी नळी घालायची. जिथे स्क्रू छापलेल्या भागातच बसवायचा असतो, तिथे पितळेची आटेवाली बुशी सोल्डरिंगच्या गरम टोकानं प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवतात. थेट प्लॅस्टिकमध्ये पाडलेले आटे दोन-चार वेळा उघडझाप केली की संपतात.

आणि उष्णता विसरू नका. आयसी-७०५ बाहेरच्या १३.८ व्होल्टच्या पुरवठ्यावर १० वॅट प्रसारण करतो, तेव्हा कमाल ३ अँपिअरपर्यंत वीज घेऊ शकतो. म्हणजे ४१ वॅट आत, १० वॅट अँटेनाकडे, उरलेले तीसेक वॅट उष्णता. बोलताना प्रसारण थांबत-थांबत होतं. पण एफटी-८ सारख्या डिजिटल पद्धतीत १५ सेकंदांच्या पाळीपैकी साडेबारा सेकंदांहून जास्त काळ सलग प्रसारण चालतं. छान गुळगुळीत दिसावं म्हणून रेलनं उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग झाकला, तर संच आतून भाजत राहतो. त्यामुळे चांगली रेल बाजूंना मोठ्या खिडक्या ठेवते. त्या नक्षी म्हणून नसतात.

काय तुटावं, हे आधी ठरवा

आता मुद्द्याची गोष्ट. नवशिका डिझायनर 'ही रेल तुटताच कामा नये' या हट्टानं तिला जाडजूड करतो. पण रेल अजिबात दबली नाही, वाकली नाही, तर सगळा मार स्क्रूंमधून संचाच्या पेटीत जातो. आटे उखडतात, पेटी वाकते. घरातल्या फ्यूजसारखं बघा. फ्यूज उडतो म्हणून फ्रिज वाचतो. रेलही तशीच हवी: रोजच्या वापरात भक्कम, पण मोठ्या आपटीत आधी तिनं मोडावं, संचानं नाही.

हे परवडतं कारण रेल स्वस्त आहे. दोन पट्ट्या आणि हँडल मिळून पन्नास-साठ ग्रॅम प्लॅस्टिक. किलोला हजार रुपयांच्या आसपास धरलं तर साठ रुपयांचा माल आणि काही तासांची छपाई. तुटली, पुन्हा छापली.

अट एकच: फाइल तुमच्याकडे हवी, आणि ती बदलता येण्यासारखी हवी. इथे हा विषय प्लॅस्टिकमधून बाहेर पडून हक्काच्या प्रश्नाकडे वळतो.

मापं कोणाकडे असतात?

एफटी-८१८ चा इतिहास बघा. त्याचा पूर्वज एफटी-८१७ साल २००० मध्ये आला. २०१८ मध्ये एफटी-८१८ आला, पण पेटी तीच राहिली. वीस-बावीस वर्षं एकच माप. त्यामुळे जगात कुठेतरी कोणीतरी एकदा काळजीपूर्वक मोजमाप करून काढलेली रेल दोन्ही संचांना बसते. अशा डिझाइन्सचा ढीग तयार झाला. मग कंपनीनं उत्पादन थांबवलं आणि २०२५ मध्ये एफटीएक्स-१ हा वेगळ्या बांधणीचा संच आणला. जुन्या रेल त्याला बसत नाहीत, नव्यासाठी सगळं पहिल्यापासून मोजा.

आणि जुन्याचं काय? उत्पादन बंद झालं की काही वर्षांत मूळ सुटे भाग आटत जातात. आपल्याकडे असे बहुतेक संच परदेशातून येतात, त्यामुळे एक बटण तुटलं तरी ते मागवणं खर्चाचं आणि वेळखाऊ. अशा वेळी संच पडूनही वाचला, याला खरी किंमत आहे. तो वाचवणारी पट्टी आता कंपनी बनवणार नाही. ती वापरणाऱ्यांनीच बनवायची.

कंपनीकडे पेटीचं अचूक थ्रीडी चित्र असतंच, त्याशिवाय साचा बनत नाही. बाहेरच्या पृष्ठभागाची आणि स्क्रूच्या छिद्रांची मापं खुली केली तर आतल्या सर्किटचं कुठलंही गुपित फुटत नाही. तरी बहुतेक कंपन्या ती देत नाहीत. मग जगभरचे शेकडो लोक कॅलिपर घेऊन तेच छिद्र पुन्हा पुन्हा मोजत बसतात.

वेगळं करता येतं हे काहींनी दाखवलंय. स्टीम डेक हे हातातलं गेमिंग यंत्र बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच्या बाहेरच्या आवरणाच्या कॅड फाइल्स खुल्या केल्या. फिलिप्सनं २०२५ मध्ये 'फिक्सेबल्स' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात ट्रिमरच्या कंगव्यासारखे भाग ग्राहकानं स्वतः छापावेत म्हणून कंपनीच फाइल देते. आपल्या ओळखीचं उदाहरण हवं तर २०२४ चा सीएमएफ फोन १ घ्या. त्याचं मागचं झाकण स्क्रूनं निघतं, जोडण्या लावायला जागा दिली आहे, आणि लोकांनी घरी छापलेली झाकणं बसवलीसुद्धा.

हॅम रेडिओत तर खुलेपणाचं उत्तम उदाहरण भारतातलंच आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी 'बिटएक्स' मालिकेतल्या संचांचे आराखडे सगळ्यांसाठी खुले ठेवले. त्यातला 'मायक्रोबिटएक्स' सुरुवातीला नुसता सर्किट बोर्ड म्हणून मिळायचा, पेटी ज्याची त्यानं करायची. मग कोणी स्टीलचा डबा कापला, कोणी लाकडाची पेटी केली, कोणी छापली. आराखडा हातात होता, म्हणून प्रत्येकाला बदल करता आला.

कायदा काय म्हणतो?

युरोपियन युनियनचा हा कायदा जून २०२४ मधला. त्यात असं म्हटलंय की उत्पादकानं करारातली अट, हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअर वापरून दुरुस्ती अडवू नये. स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यानं जुने, सुसंगत किंवा थ्रीडी प्रिंटिंगनं बनवलेले भाग वापरले तर त्याला अडथळा आणू नये. अर्थात ते भाग सुरक्षेच्या आणि बौद्धिक संपदेच्या नियमांत बसणारे हवेत.

वाचायला छान वाटतं, पण तीन गोष्टी लक्षात घ्या. एक, हा कायदा ठरावीक वस्तूंच्या यादीला लागू आहे. त्यात वॉशिंग मशीन, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर, मोबाइल, टॅब्लेट वगैरे येतात, हॅम रेडिओचा संच नाही. दोन, 'अडवू नका' आणि 'मापं द्या' यात फरक आहे. कंपनीनं थ्रीडी फाइल खुली करावी असं बंधन यात नाही. तीन, रेल हा तुटलेल्या भागाच्या जागी बसणारा सुटा भाग नाहीच, ती बाहेरून जोडलेली वस्तू आहे.

मग फायदा काय? छापलेला भाग म्हणजे जुगाड, अशी जी नजर असते, तिला कायद्यातून उत्तर मिळालं. नियमात बसणारा छापलेला भाग हा इतर भागांसारखाच एक भाग आहे, हे कागदावर आलं. उद्या यादी वाढवायची ठरली तर तत्त्व तयार आहे.

भारतात केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही त्याची चार क्षेत्रं. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्तीला किती सोप्या आहेत याचा निर्देशांक कसा असावा, यावरच्या समितीनं मे २०२५ मध्ये अहवाल दिला. अशा निर्देशांकात 'बाहेरची मापं खुली आहेत का?' हाही एक निकष असावा, असं आमचं मत. कंपनीला त्याचा खर्च जवळपास शून्य, आणि फायदा हॅमपुरता नाही. पाण्याच्या पंपाचं झाकण, मिक्सरचा पाय, श्रवणयंत्राची डबी, सगळ्यांना तोच नियम लागू पडतो.

फाइल निवडताना किंवा स्वतः बनवताना

हे पाच प्रश्न विचारा:

१. फाइल कोणत्या प्रकारची आहे? एसटीएल म्हणजे फक्त बाहेरचा आकार, त्यात छिद्र अर्धा मिलिमीटर सरकवायचं तरी डोकेदुखी. स्टेप किंवा ओपनस्कॅडची फाइल असेल तर मापं बदलता येतात. स्वतः डिझाइन टाकणार असाल तर दोन्ही टाका.

२. परवाना काय सांगतो? क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये 'व्यावसायिक वापर नको' अशी अट असेल तर ती रेल छापून विकता येणार नाही, स्वतःसाठी छापता येईल. मूळ डिझायनरचं नाव द्यायचं असेल तर द्या. कंपनीचा लोगो मात्र कोरू नका.

३. छापायची दिशा, भिंती आणि प्लॅस्टिक सांगितलंय का?

४. स्क्रूची लांबी लिहिली आहे का? नसेल तर आधी जुना स्क्रू काढून मोजा.

५. चाचणी केली आहे का? नसेल तर तुम्ही करा. हँडल लाकडाच्या ठोकळ्याला बसवा आणि पाण्यानं भरलेली दहा लिटरची बादली रात्रभर टांगून ठेवा. सकाळी वाकलेलं दिसलं तर ते संचाला लावू नका. रेललाही संचाच्या वजनाचा ठोकळा लावून आपटून बघा, खरा संच लावून नव्हे.

मोजायला डिजिटल कॅलिपर घ्या. काही फोनमध्ये थ्रीडी स्कॅनची सोय असते, ती एकूण आकारासाठी ठीक आहे, पण स्क्रूच्या छिद्रांसाठी तिची अचूकता पुरत नाही. छापलेला भाग संचावर बसावा म्हणून ०.२ ते ०.३ मिलिमीटरची फट लागते. आधी फक्त छिद्रांपुरती पातळ पट्टी छापा, जुळली तरच पूर्ण रेल. सहा तासांची छपाई वाया जाण्यापेक्षा दहा मिनिटांची गेलेली बरी.

आणि तुमच्याकडे हॅमचा परवाना नसला तरी काही अडत नाही. परवाना प्रसारणासाठी लागतो, पट्टी डिझाइन करायला नाही. अनेक शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये आणि इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये थ्रीडी प्रिंटर आहेत, आणि तिथे चावीच्या रिंगा आणि गणपती छापून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न असतोच. जवळच्या हॅम क्लबमध्ये जाऊन विचारा, कोणाच्या संचाला काय बसत नाही. त्या संचाची मापं घ्या, रेल करा, बादली टांगून तपासा आणि बदलता येणाऱ्या फाइलसकट सगळ्यांसाठी टाका. तो संच पुढच्या पुरात कुठल्या गावात उघडला जाईल हे कोणालाच माहीत नसतं. तिथे पोहोचेपर्यंत त्याचं मोठं बटण जागेवर असलं पाहिजे, एवढंच आपल्याला बघायचंय.